सरांनी सांगितलेली वेळ

मूळ कागदपत्रं घेऊन पारमिताला मंगळवारी अकरा ते एकच्या दरम्यान बेळगावात हजर व्हायचं होतं, आणि त्याच मंगळवारी विक्रम सरांचा रास्ता रोको होता.

जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी लॅब टेक्निशियनच्या सहा जागा निघाल्या होत्या. निवड यादीत पारमिताचं नाव पाचवं होतं. वयाची अट पुढच्या वर्षी संपत होती, त्यामुळं ही शेवटचीच संधी. कागद तपासणीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की वेळेत न आल्यास प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला घेतलं जाईल.

तिची आजी तानीबाई निपाणीत हयातभर विड्या वळत आली. वडील दीपंकर एका खाजगी हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. घरात सरकारी नोकरी कुणालाच मिळाली नव्हती. पारमितापर्यंत ती येऊन ठेपली याचं अर्धं श्रेय घरातले सगळे सरांना द्यायचे. विक्रम सर मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि सीमाभागाच्या चळवळीत तरुणपणापासून होते. दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. तरीही वस्तीतल्या पोरांना ते स्वतः कन्नड शिकवायचे. "भांडायचं ते त्यांची भाषा शिकून भांडायचं," असं म्हणायचे. पारमिता त्यांच्या ओट्यावर तीन वर्षं बसली आणि कन्नडच्या सक्तीच्या पेपरात पहिल्या फटक्यात पास झाली. तिचा निकाल लागला त्या दिवशी सरांनी पेढे स्वतः वाटले होते.

रविवारी सकाळी ती त्यांच्याकडं गेली.

"सर, मी सोमवारीच बेळगावजवळ सांबऱ्याला मावशीकडं जाऊन ऱ्हाते. मंगळवारी रस्ता बंद झाला तर कसं करू?"

सर पत्रकाची प्रूफं तपासत होते. मराठीतून सरकारी कागद मिळावेत ही मागणी होती. चष्मा कपाळावर सरकवत ते हसले.

"आम्ही तवंदी घाटाखाली बसणार अकराला. तू सव्वासातची गाडी धर. साडेनवाला बेळगावात चहा पीत असशील. उगं कशाला परक्या घरात जाऊन जागायचं? घरी नीट झोप."

"नक्की अकराच ना, सर?"

"अगं, मीच ठरवलंय की. माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

तिला लाज वाटली. ती पाया पडून घरी आली आणि मावशीला फोन करून येत नसल्याचं सांगितलं.

मंगळवारी सव्वासातची गाडी वेळेवर सुटली. पारमितानं फाईल मांडीवर धरली होती. शेजारी एक बाई संकेश्वरच्या बाजाराला निघाली होती, ती निपाणीच्या हवेबद्दल बोलत होती. दहाबारा मिनिटांत गाडीचा वेग कमी झाला आणि मग ती थांबलीच. पुढं ट्रकांची रांग. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"काय झालं, अण्णा?" कुणीतरी विचारलं.

"रस्ता रोको. आत्ताच बसलेत."

पारमितानं घड्याळात बघितलं. साडेसात वाजून गेले होते. ती खाली उतरली आणि ट्रकांच्या कडेकडेनं चालायला लागली. मनात म्हणत होती, दुसऱ्या कुठल्यातरी संघटनेचे असतील, सरांचे नसतील. पाच-सहाशे पावलं चालल्यावर भगवे झेंडे दिसले. रस्त्यात आडवी लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली, आणि ट्रॉलीवर पांढऱ्या सदऱ्यात उभे असलेले सर.

दीडदोनशे माणसं डांबरावर बसली होती. पोलीस कडेला उभे होते. पारमिता बसलेल्यांमधून वाट काढत ट्रॉलीजवळ गेली आणि फाईल वर करून हाक मारली. सरांनी तिला पाहिलं. ओळखलं, यात शंका नव्हती, कारण क्षणभर त्यांची घोषणा अडखळली. मग त्यांनी मान वळवून पुढची घोषणा दिली.

ती तिथंच उभी राहिली. अर्ध्या तासानं सर पाणी प्यायला खाली उतरले तेव्हा ती पुढं झाली.

"सर, तुम्ही अकरा म्हणालता."

"व्हय गं. काल सांजचं ठरलं. नऊच्या आत आम्हाला उचलायचं असं पोलिसांचं चाललंय, कळलं. मग आधीच बसलो."

"माझी गाडी मागं अडकलीय. माझं आज..."

"माहीत हाय मला. जरा दम धर. टीव्हीवाले कोल्हापुरातनं निघालेत. ते आले, बोलून झालं, की सोडतो."

तेवढ्यात एक रुग्णवाहिका आली. पोरांनी उठून तिला वाट दिली. ती गेल्यावर लगेच पुन्हा बसली. पारमिता म्हणाली, "सर, एक गाडी. नुसती आमची बस सोडा."

"एकीला सोडलं की मागची शंभर हॉर्न वाजवत्यात, पोरी. आंदोलन म्हणजे काय एसटी स्टँड हाय?" आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं बघायला लागली तसे ते पुन्हा ट्रॉलीवर चढले.

तिनं कडेला जाऊन समर्थला फोन लावला. समर्थ सरांचा मुलगा. बेळगावात एका खाजगी कंपनीत होता आणि रोज निपाणीहून जाऊन येऊन करायचा. तोही मागं कुठंतरी अडकला असेल, काही मार्ग काढेल, असं तिला वाटलं.

"मी बेळगावातच हाय की," समर्थ म्हणाला. "काल रात्रीच्या गाडीनंच आलतो. मित्राच्या खोलीवर ऱ्हायलो. बाबा म्हणाले, उद्या सकाळी सातपासनंच रस्ता बंद हाय, आत्ताच जा. तुला न्हाय सांगितलं?"

पारमितानं वळून ट्रॉलीकडं बघितलं.

"पारमिता? हॅलो? तुझं आज व्हेरिफिकेशन ना?"

"व्हय."

"थांब, मी त्या ऑफिसात जाऊन सांगतो. तू ये कशीबी."

ती बसपाशी परत गेलीच नाही. बसलेल्या माणसांच्या पलीकडं गेली आणि घाटाच्या चढाला लागली. समोरून आलेल्या गाड्याही तुंबल्या होत्या. तासभर चालल्यावर कोबीचा एक टेम्पो माघारी वळताना दिसला. ड्रायव्हरनं तिच्याकडं, तिच्या फाईलकडं बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं. त्यानं तिला संकेश्वरच्या स्टँडवर सोडलं. तिथं बस फलाटाला लागून उभ्या होत्या. दगडफेकीच्या भीतीनं वरून आदेश आल्याशिवाय सोडायच्या नाहीत असं ठरलं होतं. पावणेबाराला पहिली बस सुटली.

ती कचेरीचा जिना चढली तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. व्हरांडा रिकामा होता. आत टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. पाटीवर महादेवी असं नाव होतं.

"निपाणीची?" त्यांनी विचारलं. "बा तंगी, कुंद्रु." 'ये बहिणी, बस,' असं कन्नडातून म्हणाल्या आणि पाण्याची बाटली पुढं केली.

समर्थ येऊन सांगून गेला होता. महादेवीबाईंनी साहेबांना विनवून यादी वीस मिनिटं उघडी ठेवली होती. मग साहेबांना बैठकीला जायचं होतं. प्रतीक्षा यादीतली खानापूरची एक मुलगी सकाळपासून बाहेर बसली होती. तिची सही पाच मिनिटांपूर्वी झाली.

"मी तरी काय करू?" त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "वीस मिनिटंच्या वर माझ्या हातात नव्हतं."

पारमिता त्यांच्यासमोर रडली नाही. पाणी प्यायली, थँक्यू म्हणाली आणि जिना उतरली. खाली स्कूटर लावायच्या जागेत मात्र ती फाईल मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली.

पुढचे आठ दिवस सर घरी आले नाहीत, फोनही नाही. नवव्या दिवशी दीपंकरनं मोबाईल तिच्यापुढं धरला. वस्तीच्या ग्रुपवर पत्रक आलं होतं. 'निपाणीच्या मराठी कन्येला बेळगावात अपमानित करून हाकलले! कन्नडसक्तीचा आणखी एक बळी!' खाली तिचा फोटो. पेढे वाटले त्या दिवशी सरांच्या ओट्यावर काढलेला. पुढं लिहिलं होतं, की ती वेळेत पोचली असतानाही मराठी बोलते म्हणून महादेवी नावाच्या कर्मचारी महिलेनं तिचे कागद फेकून दिले. सोमवारी त्या कचेरीवर मोर्चा. चला बेळगाव.

"आप्पा, हे खोटं हाय," पारमिता म्हणाली.

दीपंकरनं मोबाईल खिशात घातला. "सरांनी काय तरी विचार करूनच लिहिलं असंल. कदाचित त्यानं तुझी जागा परत मिळंल."

"खोटं सांगून?"

"त्यांचे उपकार हायत आपल्यावर, पारू."

ती चपला घालून तडक सरांकडं गेली. सर ओट्यावर एकटेच होते. तिला बघून त्यांना आनंदच झाला.

"बरं झालं आलीस. सोमवारी तू पुढं चालायचंस. दोन शब्द बोलायचंस. मी लिहून देतो."

"त्या बाईंनी माझ्यासाठी यादी उघडी ठेवलती, सर. मला पाणी दिलं त्यांनी. तुम्हाला समर्थनं सांगितलंच असंल."

"सांगितलं."

"तरीबी त्यांचं नाव घातलं?"

सर समजावणीच्या सुरात बोलू लागले. वर्गात अवघड गणित सांगताना लागायचा तोच सूर. "बघ, सत्तर वर्षं आपली माणसं भोगत्यात. नुसती आकडेवारी सांगून कोण ऐकत न्हाय. लोकांना एक चेहरा लागतो. ती बाई म्हणजे ती बाई न्हवं, ते सरकार हाय."

"आणि माझी जागा गेली ती तुमच्यामुळं, त्याचं काय?"

ते समोरचे कागद सारखे करू लागले.

"समर्थला आदल्या दिवशी सांगितलं, सर. मला का न्हाय?"

सरांनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला. "खरं सांगू? वेळ बदलायचं ठरलं तवा लई धावपळ होती. समर्थ घरातच होता, म्हणून त्याला बोललो." ते थांबले. "तुझं ध्यानातच ऱ्हायलं न्हाय गं."

त्यांनी काही कारण सांगितलं असतं, गुप्तता पाळायची होती, पोलिसांना सुगावा लागला असता, तर ती भांडली असती. यावर तिला भांडता येईना. तीन वर्षं ती ह्या ओट्यावर रोज सांजचं बसली होती.

"पत्रकातनं माझं नाव काढा," एवढंच ती म्हणाली.

"छापून वाटून झालंय, पोरी."

मोर्चा गेला. पारमिता गेली नाही, पण फोटो गेला, फलकावर मोठा करून. महादेवीबाईंच्या टेबलावर काळं ऑइल ओतल्याचे व्हिडिओ सांजपर्यंत निपाणीत सगळ्यांनी बघितले. त्यात बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. बातम्या झाल्या, तशी खात्यानं बाईंची चौकशी लावली.

पारमितानं कुणालाही न विचारता चौकशी अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, आणि तिला जबानीसाठी बोलावणं आलं. दीपंकर म्हणाला, "सरांच्या विरोधात सही करणार? वस्तीत तोंड कसं दाखवू मी?" जायच्या दिवशी तो उजाडताच घरातून निघून गेला. तानीबाईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि म्हणाली, "चल, मी येते. त्या बाईनं माझ्या नातीला पाणी पाजलं न्हवं?"

पारमितानं जबानी स्वतःच्या हातानं लिहिली. घाटाखाली काय झालं, किती वाजता पोचली, बाईंनी काय केलं, सगळं ओळीनं. अधिकाऱ्यांनी वाचून विचारलं, "त्या सरांवर तुमचा काही राग?" ती म्हणाली, "जे घडलं तेच लिहिलंय, साहेब." तिनं सही केली.

महिन्याभरानं चौकशी बंद झाली. महादेवीबाई निर्दोष ठरल्या. पारमिताची जागा अर्थातच परत आली नाही. ती संकेश्वरच्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायला लागली. वस्तीत काहीजणांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकानं दारात येऊन विचारलंही, "कन्नडवाल्यांनी किती दिले?" दीपंकरनं ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून तोही सरांच्या ओट्याकडं फिरकला नाही.

पावसाळा संपता संपता एका कामासाठी बेळगावला गेली असताना ती मुद्दाम त्या कचेरीत गेली. महादेवीबाई त्याच खोलीत होत्या. टेबल नवं होतं. बाहेर बाकावर चार-पाच मुलं फायली घेऊन बसली होती.

बाईंनी तिला ओळखलं. उठून बाहेर आल्या.

"तुझी जबानी मला दाखवली त्यांनी," त्या म्हणाल्या. "तू खरं लिहिलं. देव तुझं चांगलं करो."

"मॅडम, झालं त्याबद्दल..."

"तुझी चूक नाही, तंगी." त्यांनी बाकावरच्या मुलांकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण आता मी कुणासाठी यादी उघडी ठेवत नाही. एक वाजला की बंद."

त्या आत गेल्या. पारमिता व्हरांड्यात थोडा वेळ उभी राहिली. बाकावरच्या एका मुलीनं तिला विचारलं, "मॅडम, माझी मैत्रीण अजून वाटेत आहे, जरा उशीर झाला तर चालेल ना इथं?"

"न्हाय," पारमिता म्हणाली. "तिला फोन कर. रिक्षा करून यायला सांग."