गादीतली सरकी

एवढीशी सरकी, कापसाचे चार तंतू अजून अंगाला धरून राहिलेली — गादीच्या शिवणीतून ती कशी बाहेर आली कुणास ठाऊक, पण रुपरावच्या बोटांना लागली आणि त्याचं तोंड पुन्हा कालच्यासारखं गरम झालं. तो लाकडी फळीवर पालथा पडला होता. कंबर धरली की डॉक्टरांनी फळीच सांगितलेली. नवी गादी हाताच्या अंतरावर, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली. आत माय दशम्या बांधत होती, दुपारच्या एस.टी.नं ती गावी जाणार होती, आणि तिची माफी मागायची राहून गेली होती.

दिवाळीत त्यानंच तर तिला सांगितलं होतं, "गादी खराब झाली माय, म्हणून पाठ दुखून राहिली." मणक्यांमधली गादी, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही... सदर बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्यांचे मणके आणून त्यांच्या गाद्यांतलं आम्ल मोजण्यात त्याची वर्षं गेलेली, त्याला दुसरी गादी आठवणार कशी! आणि तिनं घरच्या कापसातली सरकी हातानं काढली, पिंजाऱ्याकडून तो पिंजून घेतला, गादी भरली आणि डोक्यावर घेऊन प्रताप नगरातल्या या दोन खोल्यांपर्यंत आली.

काल प्रयोगशाळेतला विश्वनाथ आणि इतर दोघे चहाला आले, तेव्हा हा किस्सा त्यानं इंग्रजीत सांगितला, चांगला रंगवून. पण सगळी गंमत ज्या शब्दात होती तो मराठीतच म्हणावा लागला — गादी — आणि तिघं खो खो हसले. माय कप घेऊन दारात उभी होती. त्या सगळ्या बोलण्यातला तिला कळणारा तेवढा एकच शब्द, आणि हसू नेमकं त्याच्यावर. तिनं कप ठेवले, पदर सारखा केला, आत गेली.

मणक्यातल्या गादीला रक्तवाहिनी नसते. तिथल्या पेशी साखर खातात, आम्ल टाकतात, ते वाहून न्यायला कुणी नाही म्हणून दाराशीच साचतं, आणि त्या आपल्याच आंबटात बसून अकाली म्हाताऱ्या होतात — मरत नाहीत, नुसत्या निकामी होतात. वर्गात किती ऐटीत सांगतो मी हे... वसतिगृहात 'मला'ऐवजी 'मले' म्हणालो म्हणून पोरं हसली होती, तेव्हापासूनच माझ्यात हे असं साचत... पुरे. स्वतःच्या हलकटपणावर शास्त्राची चादर कशाला?

माय गाठोडं घेऊन बाहेर आली.

"दुखून राहिलं काय गा?"

"नाही."

"येतो मंग मी." ती थबकली. "सायबलोक आले का गादीवर चादर टाकत जाय."

त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं, पण ते छापील मराठीतलं — मला क्षमा कर. असं वाक्य तिच्याशी तो जन्मात बोलला नव्हता. मग तो उठला, कण्हत गादी पसरली आणि तिच्यावर आडवा झाला. कंबर खोल गेली, कळ पार टाचेपर्यंत उतरली. मायनं वाकून गादीचा कोपरा सारखा केला.

"नरम हाये ना?"

"हाये," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची नजर दाराकडं गेली — कुणी ऐकलं तर नाही ना. त्याच्या मागोमाग मायनंही दाराकडं पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. कुणी असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.