नकाशावरचा हात

मी एक जुने सागवानी टेबल आहे. परतवाड्याच्या सुताराने मला घडवले आणि अमरावतीत, वलगाव रस्त्यावरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, ही संस्था भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांनी आणि शिपायांनी काढलेली. अध्यक्ष होते शालिकरामभाऊ, एसटीच्या आगारातले मेकॅनिक.

पहिल्या चाळीस घरांचा नकाशा माझ्यावरच पसरला होता. पायाचा प्रत्येक खड्डा भाऊ स्वतः उतरून पाहत. भिंत उभी राहिली की तिच्यावर थाप मारून घरमालकाला म्हणत, "हे हाललं तं मले सांगजा."

चाळिसाची नऊशे घरे झाली. चांदूर रेल्वेला वसाहत झाली, मग अकोल्यालाही. भाऊ सत्तावीस वर्षे अध्यक्ष राहिले. निवडणुकीत त्यांच्यासमोर कोणी अर्जच भरत नसे. "भाऊ हायेत तवर आपल्याले चिंता नाई," लोक म्हणत आणि निर्धास्त घरी जात.

भाऊंची नजर जाऊ लागली, हे आधी मला कळले. माझी कड चाचपत ते खुर्चीपर्यंत येत. कागद समोर आला की म्हणत, "तुमीच वाचा, मी ऐकतो." इतरांना तो त्यांचा मोठेपणा वाटे.

मग अकोल्याच्या नव्या घरांचा नकाशा आला. सचिव दीपमाला त्याच पहिल्या चाळिसांतल्या एका घरात वाढलेली, शिकून इंजिनिअर झालेली. ती म्हणाली, "भाऊ, ही शेवटची ओळ नाल्याले लागून आहे. पाणी घरात येईन. तुमीच पाहा ना."

भाऊंनी नकाशावर हात फिरवला. बोटे नाल्यापासून वीतभर दूर थांबली.

"पोरी, तू पाळण्यात होती तवापासून घरं बांधून राहिलो मी. मले शिकवतं का?"

नऊ संचालक बसले होते. कोणी मान वर केली नाही. नकाशा मंजूर झाला.

पुढच्या वर्षी घरे उभी राहिली, लोक राहायला आले. त्याच पावसाळ्यात नाला फुगला आणि त्या शेवटच्या ओळीतल्या बावीस घरांत कमरेएवढे पाणी शिरले. त्यांतल्याच एका घरात आल्यावर जाईबाई नावाच्या म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीच्या दाराला कुलूप लावले होते. त्याच दारात ती घसरून पडली. आठव्या दिवशी दवाखान्यात वारली.

बैठकीला भाऊ उभेच राहिले. म्हणाले, "मले दोन वर्सापासून दिसत नाई."

दीपमालाने विचारले, "सांगतलं काहून नाई, भाऊ?"

"सांगतलं असतं तं घरी बसवलं असतं तुमी. घरी बसून म्या काय केलं असतं?"

त्यांनी राजीनामा दिला. सही कुठे करायची, ते दीपमालाने त्यांचे बोट धरून दाखवले. त्यांना ना हार मिळाला, ना कोणी दारापर्यंत पोचवायला गेले. सत्तावीस वर्षे अध्यक्ष राहिलेला माणूस भिंतीला हात लावत एकटा जिना उतरला.

आता दीपमाला अध्यक्ष आहे. बावीस कुटुंबांना नाल्यापासून दूर, उंचावरच्या जागेत हलवण्याचे काम चालू आहे. कचेरीत काचेचे टेबल आले, मी व्हरांड्यात आहे. पावसाने माझे सागवान फुगले आहे, पण त्याचे मला फारसे वाटत नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही सगळा भार टाकता, त्या माणसाकडेही अधूनमधून नीट बघत जा. त्याला थकण्याची, थांबण्याची मुभा द्या. भाऊंची बोटे नकाशावर चुकली, हे मी ओळखले होते, पण मला तोंड नव्हते. त्या नऊ जणांना होते.