साध्या पाण्याची बशी

"दोमला, साध्या पाण्यातल्या शेवाळाच्याही शेपट्या गळल्यात," हुलकार म्हणाली.

साबिर दोमला, तिचे प्राध्यापक, सूक्ष्मदर्शकावरून उठले. "चार वर्षं तू मला सांगतेस, शिरक्यातलं आम्ल पेशीच्या आत शिरतं, पेशीचं पोट आंबट होतं आणि त्या इशाऱ्यावर हे शेवाळ पोहायच्या शेपट्या टाकून देतं. मग साध्या पाण्यात इशारा कुणी दिला? मी शिट्टी वाजवली का?"

"बशांची अदलाबदल झाली नाही, दोमला."

"म्हणजे शेवाळच खोटं बोलतंय. जेवण झालं की तार्तूच्या विद्यापीठाला कळवतो, मुलगी अजून कच्ची आहे, यंदा पाठवत नाही."

मोरीवर काचसामान धुणाऱ्या मावजुदा ओपाचा, सगळ्यांच्या मावजुदाताईचा, हात थांबला.

मिरच्या मुरवताना कडक शिरका, म्हणजे व्हिनेगर, थेंबाथेंबाने मोजावा लागतो, म्हणून दर शरदात ती प्रयोगशाळेचंच मोजपात्र वापरायची. काल शिरका मोजताना शेगडीवरचा चहा उतू गेला. ती धावली, आणि मोजपात्र न विसळताच वाळवायच्या जाळीवर उपडं ठेवलं गेलं. मिरच्यांच्या बरणीमुळे खोलीभर आंबट वास होताच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आज सकाळी त्याच पात्राने हुलकारने साधं पाणी मोजलं. मोजण्याआधी तिने विचारलंही होतं, "ओपा, हे धुतलंय ना?"

"बावीस वर्षं धुतेय गं. माझ्या हातचं कधी घाण निघालंय का?" असं मावजुदा फणकारली होती.

आता तोंड उघडलं तर बावीस वर्षांचं नाव जाणार. नाही उघडलं तर पोरीचं तार्तू जाणार.

दुपारच्या नमाजासाठी ती सामानाच्या खोलीत गेली. हातपाय-तोंड धुऊन वुजू केला, जानमाज अंथरली, उभी राहिली. पण नमाज सुरू केला नाही. स्वतःचे हात धुऊन अल्लासमोर उभं राहायचं आणि आपला मळ दुसरीच्या माथी मारायचा, हे तिला जमेना. ती तशीच बाहेर आली.

दोमला नान मोडून तिच्याच मिरच्यांबरोबर खात होते.

"दोमला, या मिरच्यांचा शिरका मी मोजपात्रात मोजला. पात्र धुवायचं राहिलं. हुलकारने त्यातच पाणी घेतलं."

दोमलांचा घास हातातच राहिला. "आणि सकाळपासून मी हिला झाडतोय, तेव्हा तुमची जीभ कुठे होती?"

"तोंडातच होती," मावजुदा खाली बघत म्हणाली.

दोमलांनी ताटली बाजूला सारली. "हुलकार, प्रयोग पुन्हा मांड."

मावजुदाने नवं मोजपात्र तीनदा धुऊन दिलं. शिरक्याच्या बशीत क्षणात शेपट्या गळल्या. साध्या पाण्यातलं शेवाळ मात्र बशीभर पोहत राहिलं. दोमला बराच वेळ बघत बसले. "सामान बांधायला घे," एवढंच ते हुलकारला म्हणाले.

मावजुदा तिच्याजवळ गेली. "पोरी, मला माफ कर."

"केलं, ओपा. पण मी विचारलं होतं ना?" हुलकारच्या आवाजात राग नव्हता. तेच मावजुदाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुलकारने जाळीवरचं धुतलेलं मोजपात्र उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि मोरीकडे आली. मावजुदा तिथेच उभी होती. दोघींची नजरानजर झाली. मावजुदाने बाजूला सरकून तिला नळाखाली जागा करून दिली.