पाठराखी

खाणीत सुरुंग उडून धूळ बसली, की काळ्या दगडाच्या भेगांतून पाठराखीची पिवळी फुलं डोकं वर काढून असायचीच. ओढलं तर देठ तुटायचा, मूळ जागचं हलायचं नाही. आई थोरलीला सांगायची, सासरी मार खाणाऱ्या एकीने हाक मारली, भाऊ धावत आला आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. दोघांनाही ठेचलं. रक्त मुरलं तिथे हे रोप आलं, म्हणून पाठराखी.

नवऱ्याच्या मारात थोरलीचा दात पडला त्या दिवशी ती धाकट्या भावाकडे गेली, तेव्हा हीच गोष्ट तिच्या डोक्यात होती. भाऊ वेल्डर. त्याने तिला पाणी दिलं आणि परत खाणीवर नवऱ्याकडे आणून सोडलं.

"दाजी, झालं गेलं सोडा," तो म्हणाला. "ताईचंही चुकलं असेल."

नवरा पहारीने दगड उलथत होता. "पाठराखी घेऊन आलीस होय?" म्हणत त्याने पहारीचं टोक तिच्या पोटात ढोसलं. ती कोसळली. दुसरा घाव डोक्यावर येणार, तोच भाऊ मध्ये पडला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला. नवरा त्याच्या छातीवर बसला आणि गळा आवळू लागला. भावाच्या टाचा खडीत घासत होत्या. माणसं लांबून बघत होती.

"घरचं भांडण आहे," कुणीतरी म्हणालं.

थोरलीच्या हाताला रोजचा खडी फोडायचा घण लागला. नवऱ्याचं डोकं तिने मुद्दाम टाळलं. पहिला घाव कोपरावर घातला. हात उलटा वाकला. तो किंचाळत आडवा पडला, तसा दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्यासाठी घण उचलला, तेव्हा मुकादम पुढे आला.

"अगं, मरेल तो."

"मरू दे," ती म्हणाली. पण घण खाली टाकला आणि भावाकडे वळली.

चौकीत भाऊ म्हणाला, घण मीच मारला. थोरलीने त्याला गप्प केलं. "मी मारला. दोनदा."

ती सुटली तेव्हा भाऊ तुरुंगाच्या फाटकाशी उभा होता. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"ताई, त्या दिवशी मी तुला परत..."

"माहीत आहे. मला एक खोली बघून दे. तुझ्या घरी नको."

त्याने चांगल्या हाताने तिचं बोचकं उचललं.