मी फुकटी, टर्कींची मास्तरीण

मी फुकटी. नाव ऐकून हसू आलं तर हसून घ्या, मला सवय आहे. पण या शेतावर जेवढ्या टर्की वाढल्या, त्या सगळ्यांनी पहिला दाणा माझ्या शेजारी उभं राहून टिपला आहे. एवढं ज्या कोंबडीला छातीवर पंख ठेवून सांगता येईल, तिने माझ्या नावाला हसावं.

माझा जन्म एका मोठ्या उबवणी केंद्रात झाला. आई कोण, ते ठाऊक नाही. अंगावरची लव वाळली न वाळली तोच एका बाईने मला ट्रेमधून उचललं आणि भोकं पाडलेल्या एका खोक्यात बसवलं. खोकं टर्कीच्या पिल्लांनी भरलेलं होतं, फक्त एक कोपरा रिकामा होता. आमच्याकडे पिल्लं पोस्टाने जातात, आणि वाटेत ती एकमेकांना चिकटून राहिली तरच ऊब धरतात. म्हणून खोक्यात मोकळी जागा ठेवत नाहीत. मी त्या जागेत भरलेली भर होते. माझा पत्ता नव्हता, मला कोणी मागवलं नव्हतं.

व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या लहानशा पोस्टात आम्ही सकाळी पोचलो. पोस्टातल्या जॉयसबाईंनी लगेच फोन लावला. "लेटी, तुझी बाळं आली गं. ये आणि घेऊन जा. यांनी गाऊन गाऊन माझं डोकं उठवलंय."

लेटी आली ती चिखलाने भरलेल्या गाडीतून. एप्रिल महिना होता. गोठ्याच्या सावलीत अजून मळकं बर्फ होतं आणि रस्त्यावर गुडघाभर चिखल. मेपलच्या झाडांना लावलेल्या रसाच्या बादल्या उतरवून, धुवून कुंपणावर पालथ्या घातल्या होत्या. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. तळ्यावर बेडकांनी सूर धरला होता.

गोठ्याच्या दारात तिचे आजोबा ऑर्विल उभे होते. उंच, वाकलेले, टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्यांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"यात हे कोंबडीचं पिल्लू कसं?"

"फुकट टाकतात हो आजोबा, जागा भरायला."

"फुकट खाणारे माझ्याकडे आधीच आहेत," असं म्हणून त्यांनी टिपकडे पाहिलं. टिप म्हणजे त्यांचा कुत्रा. मेंढ्या राखायचं सोडून तो उन्हात पसरला होता. "काढ त्या फुकटीला. टर्की आणि कोंबडी एका ठिकाणी नाही. आपलं ठरलंय."

त्यांचं ठरलं होतं खरं. ऑर्विल आजोबा लहान असताना त्यांच्या वडिलांच्या टर्कींवर काळमुंडीचा रोग आला होता. पक्ष्यांची डोकी काळी पडली आणि सगळा कळप गेला. हा रोग कोंबड्यांच्या विष्ठेतून जमिनीत उतरतो. कोंबडीला काही होत नाही, टर्की मात्र उरत नाही. त्यानंतर या शेतावर कोणी टर्कीचं नाव काढलं नाही. लेटीने हट्ट धरला तेव्हा आजोबांनी अट घातली. ओढ्याच्या अलीकडे कोंबड्या, पलीकडे टर्की. पलीकडे जायला वेगळे गमबूट. अलीकडचा चिखल पलीकडे जाता कामा नये.

तर मला काढलं. स्वयंपाकघरात शेगडीजवळ एका खोक्यात आई नसलेलं एक कोकरू होतं, बटन नावाचं. त्याच्या कुशीत मला ठेवलं. बटन बाटलीने दूध प्यायचं आणि मी भरडा टिपायचे. मला कोणी शिकवलं नव्हतं. दाणा दिसला की चोच आपोआप खाली जायची. यात काही विशेष आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्या खोक्यातून मी माणसं पाहिली. घरात दोघंच. लेटीची आजी हेझल मागच्या पानगळीत गेली. तेव्हा लेटी शहरातून आली आणि राहिली. पण दोघं कधी एकत्र जेवताना दिसली नाहीत. टेबलावर अंड्यांचे पुठ्ठे, लोकरीच्या कात्र्या, कसली कसली औषधं. आजोबा मोरीपाशी उभ्या उभ्या तव्यातूनच दोन घास घ्यायचे आणि उरलेलं टिपला टाकायचे. त्यांची विजार दोरीने आवळलेली असायची. लेटी हातात पाव धरून गोठ्यात जायची.

"आजोबा, काल केलेलं बीन्सचं कालवण तसंच आहे."

"खाल्लं मी."

"टिपने खाल्लं."

"मग त्याला विचार, मीठ बरोबर होतं का."

लेटी हसली नाही. तिला पलीकडची काळजी होती. टर्कीची पिल्लं खात नव्हती.

टर्की हा मोठा रुबाबदार पक्षी आहे, माझे विद्यार्थी आहेत म्हणून सांगत नाही. पण पिल्लू असताना त्यांना खायचं कसं ते सुचत नाही. दाण्यांवर उभी राहून ती उपाशी मरतात. लेटीने एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाहिली. चमकणारं काही दिसलं की टोचतील म्हणून भरड्यात काचेच्या गोट्या ठेवल्या. पिल्लांनी गोट्या टोचल्या, भरडा नाही. उबेसाठी लावलेल्या लाल दिव्याखाली ती घोळका करून ओरडत राहिली, मग ओरडायचीही थांबली. एके सकाळी दोन मेलेली पिल्लं ॲप्रनमध्ये गुंडाळून लेटी घरात आली आणि शेगडीजवळ खाली बसली.

तेवढ्यात फोन वाजला. शहरातल्या दवाखान्यातून होता. तिची जुनी नोकरी तिच्यासाठी राखून ठेवली होती, आणि आता त्यांना हो किंवा नाही हवं होतं.

"उद्या सांगते," लेटी म्हणाली. फोन ठेवून तिने आजोबांकडे पाहिलं. "ही जगली तर राहायचं, असं मी मनाशी धरलं होतं. मला इथलं काही जमत नसेल तर राहून काय करू?"

आजोबा मोरीपाशी लेटीकडे पाठ करून उभे होते. राहा म्हणायला एक शब्द पुरतो. तो त्यांच्या गळ्यापर्यंत आलेला मला खोक्यातून दिसला. त्यांनी तो गिळला, आणि सबंध दिवसात बहुधा तेवढंच गिळलं.

"तुझं तू बघ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एक मोठा हात खोक्यात आला. लेटी अजून उठली नव्हती. आजोबांनी मला टोपीत घातलं आणि टोपी छातीशी धरून ते बाहेर पडले. त्यांच्या सदऱ्याला मेंढीचा आणि तंबाखूचा वास होता. चालता चालता ते माझ्याशी बोलत होते. लेटीशी ते इतकं कधी बोललेले नव्हते.

"माझी आई टाकायची एक कोंबडीचं पिल्लू टर्कींच्यात. खायला शिकवायला. रोगानंतर बापाने सगळंच बंद केलं. तू माती पाहिलेली नाहीस अजून. स्वच्छ आहेस. आहेस ना? आता आहेस म्हणायचं आणि पुढे जायचं."

ओढ्यावरच्या फाटकाशी ते थांबले. पलीकडचे गमबूट लेटीच्या मापाचे, त्यांचा अर्धा पाय आत जाईना. त्यांचे स्वतःचे बूट कोंबड्यांच्या खुराड्यातून आलेले. थोडा वेळ ते नुसते उभे राहिले. मग त्यांनी बूट काढून फाटकाशी ठेवले आणि नुसत्या लोकरी मोज्यांवर त्या बर्फाळ चिखलातून चालत गेले. मोडायचा तो एकच नियम त्यांनी मोडला, दुसरा मोडला नाही.

त्यांनी मला लाल दिव्याखाली सोडलं. पिल्लं डोळे मिटून उभी होती. माझ्या खोक्यातलेच सोबती, पण एकानेही ओळख दाखवली नाही. मला मात्र भूक लागली होती. मी थाळीशी गेले, पायांनी भरडा उकरला आणि टिपायला लागले. टिक, टिक, टिक. एका पिल्लाने डोळा उघडला. ते माझ्या चोचीकडे बघत राहिलं, मग त्याने माझ्या चोचीवरचाच कण टोचला. पुढचा दाणा मी थाळीतला उचलला, त्यानेही थाळीतला उचलला. त्याच्या मागून दुसरं आलं. मग थाळीशी अशी रेटारेटी झाली की मलाच जागा उरली नाही.

मी त्यांना एक अक्षर शिकवलं नाही. त्यांच्यासमोर जेवले, एवढंच केलं.

आजोबा पालथ्या बादलीवर बसून बघत होते. त्यांनी नाक शिंकरलं, दोनदा, आणि आले तसे निघून गेले.

थोड्या वेळाने लेटी आली. दारातच थबकली. भरड्याची थाळी रिकामी, पिल्लांची पोटं टम्म, आणि मधोमध मी. मग तिला जमिनीवर ओल्या मोज्यांचे मोठे ठसे दिसले, दारापासून बादलीपर्यंत आणि बादलीपासून दारापर्यंत. ती त्या ठशांशेजारी उकिडवी बसली आणि एका ठशात आपला तळवा ठेवून पाहिला.

त्या दिवशी दुपारी पलीकडे दोन ताटल्या आल्या. मक्याचा पाव, बीन्स, वर मेपलचा पाक. आजोबांचे नवे गमबूटही तिने आणले होते, खास पलीकडचे. म्हणाली, "आजोबा, जरा या, एका पिल्लाचा पाय बघायचाय." ते आले. पायाचा विषय कोणी काढला नाही. लेटीने एक ताटली त्यांच्या बादलीशेजारी ठेवली, दुसरी घेऊन स्वतः भुश्यावर बसली आणि खायला लागली. खा म्हणाली नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तोंडात घास धरून पिल्लांचं सांगत राहिली, कुठलं दांडगं आहे, कुठलं लबाड.

आजोबा ताटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी पावाचा तुकडा मोडला. मग दुसरा.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"टिप असं म्हणत नाही."

"टिपला चव कुठे आहे." त्यांनी ताटली पुसून खाल्ली. बोटं चाटून झाल्यावर, ताटलीकडेच बघत, ते म्हणाले, "दवाखान्याला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"मग नाही म्हण."

लेटीने नुसती मान डोलावली. मी थाळीत होते, पण मला सगळं दिसत होतं. मला वाटलं, ही पोरगी माझ्याकडून शिकली. असं वाटणं चुकीचं असेल तर असू दे. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी परत करणार नाही.

त्यानंतर मी ओढ्याच्या अलीकडे कधी गेले नाही. जाऊनही चालणार नाही. एकदा कोंबड्यांची माती पायाला लागली की मला परत टर्कींच्यात घेणार नाहीत. कोंबडी असून मी कोंबड्यांत राहिले नाही. अलीकडून त्या मला हाका मारतात, ओरडून चिडवतात, स्वतःला मोठी समजते म्हणून. समजतेच. मे महिन्यात गवत वर येतं, सफरचंदाची झाडं पांढरी होतात, आणि पानगळ लागेपर्यंत माझ्या चौपट वाढलेले नर पिसारे फुलवून माझ्या मागून चालतात. मी वळले की सगळा कळप वळतो. पानगळ सरता सरता, सणाच्या तोंडावर, ते जातात. कुठे, ते मला माहीत आहे. शेतावर राहणाऱ्याला ते माहीत असतंच. पण ते इथे असतात तोवर उपाशी नसतात.

असे बरेच वसंत झाले. आता मी अंडं क्वचित देते. एका डोळ्याने कमी दिसतं. दाणा एका झटक्यात टिपत नाही, एखाद वेळी चोच शेजारी पडते. ऑर्विल आजोबांची चालही मंदावली आहे. तरी दुपारी दोन ताटल्या येतात. फाटकाशी बूट बदलायला त्यांना वेळ लागतो आणि लेटी उगाचच कुंपणाची तार तपासत उभी राहते. विजारीची दोरी मात्र केव्हाच गेली. आता पट्टा लागतो, तोही अगदी टोकाच्या भोकात.

आज सकाळी जॉयसबाईंचा फोन येऊन गेला. गाडी चिखलातून वर येतेय, इंजिनाचा आवाज मला ओळखू येतो. खोक्यातला किलबिलाटही ऐकू येतोय.

लेटी, एकच मागणं आहे. पुढच्या वर्षी मी असेन किंवा नसेन. खोकं मागवशील तेव्हा ते काठोकाठ भरून मागवू नकोस. एका कोपऱ्यात थोडी जागा राहू दे. उबवणी केंद्रातल्या त्या बाईच्या हाताला कोणीतरी लागेल, कोणी न मागवलेलं, बिनपत्त्याचं. ते आलं की त्याला आधी जेवू दे.

आता जरा बाजूला व्हा. पिल्लं आली आहेत, आणि मला भूक लागली आहे.