रामकिशनचा श्वास आणि मी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि मीही कधी उजेड पाहिलेला नाही. मी एक जुनी, भित्री चेतापेशी आहे. मानवतजवळच्या एका खेड्यातल्या रामकिशनच्या मानेच्या मणक्यांत माझं घर आहे. तिथून माझी हातभर लांब शेपूट छातीखालच्या श्वासपटलापर्यंत जाते. हा स्नायू खाली ओढला गेला की रामकिशनच्या छातीत हवा शिरते.

तो आईच्या पोटात होता तेव्हापासून मी कामावर आहे. मेंदूकडून हुकूम आला की माझ्या अंगावरची बारीक दारं उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात आणि विजेची लहर शेपटीच्या टोकाकडे धावते. ती अर्धवट पाठवता येत नाही. गेली तर पूर्ण, नाहीतर नाहीच. टोकाशी, स्नायूच्या अलीकडे, केसाहून बारीक फट आहे. तिथे मी एक रसायन सोडते. ते पलीकडे पोचलं की स्नायू आवळतो. लगेच तिथलं एक विकर ते रसायन झाडून काढतं, स्नायू सैल पडतो आणि श्वास बाहेर येतो. या झाडणाऱ्याशिवाय माझं काहीच चालत नाही.

तरुणपणी रामकिशन गंगाखेडला गोदावरीत बुडी मारायचा. काठावरचे लोक म्हणायचे, काय दम आहे गड्याचा. माझं नाव कुणी घेतलं नाही. थोडं वाईट वाटायचं, पण चालायचं.

गेल्या भाद्रपदात कपाशीवर कीड मारायच्या औषधाची फवारणी चालू होती. पंपाचं नोझल तुंबलं. आमच्याकडे सगळेच करतात तेच रामकिशनने केलं. नोझल काढलं, ओठांना लावलं आणि जोरात फुंकलं. पंप गळून सदरा पाठीवर भिजला होता, तो तसाच अंगावर ठेवून दुपारपर्यंत फवारत राहिला.

आधी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारून आलं. मग ते विष माझ्या टोकाशी पोचलं आणि त्याने झाडणाऱ्याचे हात बांधून टाकले. रसायन साचत गेलं. स्नायू थरथरू लागला. मी गप्प बसले तरी तो थांबेना. मग तो थकला, आणि मी हाका मारत असताना निपचित पडू लागला. मित्रांनो, मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

मधल्या धुऱ्यावरून शेजारच्या शेतातला बन्सीधर धावत आला. "ऊन लागलंय त्येला. कांदा फोडून नाकाला लावा."

रामकिशनची बायको चंदा म्हणाली, "उन्हानं तोंडाला असा फेस येत न्हाई, भाऊजी. तुमी गाडी काढा. आन् औषधाचा डबा बी घ्या संगं."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर अर्पिताने डबा वाचला, त्याच्या डोळ्यांतल्या मोहरीएवढ्या झालेल्या बाहुल्या पाहिल्या आणि पटापट इंजेक्शनं दिली. त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुतलं. तोवर माझा स्नायू पुरता गळाला होता. घशात नळी घातली आणि श्वास यंत्राच्या हाती गेला. मी लहरी पाठवत राहिले. पलीकडून उत्तर नव्हतं. आमच्या जागी नवी पेशी येत नाही, हे मला ठाऊक होतं. आपण आता कायमच्या बिनकामाच्या झालो, असं वाटून मी पार खचले.

मग एका सकाळी झाडणाऱ्याचे हात थोडे सुटले आणि पलीकडे किंचित ओढ जाणवली. मी पुन्हा लहर पाठवली. स्नायू हलला. पुढे नळी निघाली, तेव्हा चंदाने रामकिशनच्या नाकापुढे तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"चालायलाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मित्रांनो, रामकिशन बरा झाला, पण माझी भीती गेली नाही. तुमच्या वडिलांच्या मानेतही माझी एक बहीण राहते. आज तुमच्या रानात फवारणी असेल, तर ती आत्ता या क्षणी घाबरून बसली असेल. नोझल तारेने साफ करा, तोंड-नाक बांधा, ओला सदरा लगेच उतरवा, एवढंच तिला सांगायचं असतं. पण तिचा आवाज श्वासपटलाच्या पुढे जात नाही. तुमचा घरभर ऐकू जातो.