अक्षत, मार्लिस आणि मी

मित्रांनो, तुम्हाला शाळेत नेणारी पिवळी बस तुम्ही रोज पाहता. ती थांबली की नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबतात. माझ्यासाठी असं कधी कोणी थांबलं नाही. मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. मिनियापोलिसच्या बाहेरच्या एका उपनगरात मी म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना दवाखान्यात नेत असे आणि परत घरी सोडत असे.

मी जन्मले ती एका साध्या मालवाहू गाडीसारखीच. मग दुसऱ्या कारखान्यात माझं छप्पर उंच केलं आणि मागच्या दाराशी व्हीलचेअर उचलणारी लिफ्ट बसवली. पहिल्या दिवशी लोकांनी फीत कापली, माझ्याजवळ उभं राहून फोटो काढले. त्यानंतर हिवाळ्यामागून हिवाळे आले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने माझा पत्रा खालून गंजला. तरी माझा ड्रायव्हर ग्लेन लिफ्टला नेमाने तेल घालायचा, त्यामुळे तिने कधी दगा दिला नाही.

शैलजाकाकू आणि गुरुनाथकाका माझे नेहमीचे प्रवासी. काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती, म्हणून आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला जावं लागे. काकांना काचबिंदू झाल्यापासून ड्रायव्हिंग बंद झालं होतं. त्यांची मुलगी रेणू सनीव्हेलला, दोन हजार मैल लांब. जाताना काकू गप्पा मारत. परतताना त्या डोळे मिटून बसत आणि काका त्यांचा हात धरून ठेवत.

एका वसंतात ग्लेनने सगळ्यांना सांगितलं, "आपल्या या सेवेला राज्य पैसे देतं. पुढच्या अधिवेशनात ते बंद करणार, असं ऐकतोय."

त्याच वर्षी विधिमंडळाची निवडणूक होती. इथे एकाच पक्षातले इच्छुक आधी आपसांत लढतात, त्याला प्रायमरी म्हणतात. आमच्या भागात एकाच पक्षाचा माणूस नेहमी निवडून येतो, त्यामुळे प्रायमरी जिंकली की जवळजवळ सगळं जिंकलं. त्यासाठी दोघं उभी होती.

एक होता अक्षत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लहानपणी तो नाटकात उंदीर झाला होता आणि स्टेजवर रडला होता. त्याला तेव्हा काकूंनीच कडेवर घेतलं होतं. आता तो उंच, देखणा, कोट घातलेला वकील झाला होता. डायलिसिस सेंटरच्या पार्किंगमध्ये तो माझ्यापाशी आला, काकूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, डोन्ट वरी. ही व्हॅन कुठे नाही जाणार. आय प्रॉमिस." त्याच्या मित्राने आमचा सगळ्यांचा फोटो काढला.

दुसरी मार्लिस. ती निवृत्त नर्स होती. ग्लेनला विचारून ती माझ्यात चढली आणि मागच्या चाकावरच्या सीटवर, जिथे सगळ्यात जास्त दणके बसतात, तिथे बसली. काकूंना किती तास मशीनवर राहावं लागतं, परतल्यावर जेवण जातं का, सगळं तिने विचारलं. मग काकूंनी विचारलं, "तुम्ही निवडून आलात तर व्हॅन राहील ना?"

"मी भांडेन," मार्लिस म्हणाली. "पण विधिमंडळात पुरेशी मतं जमतील असं मला वाटत नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू? आत्तापासून दुसरी सोय बघायला लागा."

"कुठली दुसरी सोय?"

"ते मलाही माहीत नाही. आपण मिळून शोधू या."

ती उतरल्यावर काका म्हणाले, "हिला स्वतःलाच खात्री नाही, हिला काय मत द्यायचं? अक्षत आपल्यातला मुलगा आहे. फोन केला तर उचलेल तरी."

"तो पाया पडला, पण आत येऊन बसला नाही हो," काकू म्हणाल्या. "त्याने माझं काही विचारलंसुद्धा नाही."

"कॅम्पेनमध्ये बिझी असतात गं ही मुलं."

पुढे कितीतरी दिवस त्यांचा हाच वाद चालला. कधी काकू चिडत, कधी काका हसून विषय बदलत. मला मात्र बरं वाटायचं. माझ्यासाठी कोणीतरी भांडत होतं.

ऑगस्टमध्ये, प्रायमरीच्या दिवशी, डायलिसिसहून परतताना ग्लेनने मला मतदान केंद्रावर थांबवलं. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "दिलंस ना तुझ्या मार्लिसला?"

"नाही. अक्षतला दिलं."

काका थक्क झाले. "मग इतके दिवस माझ्याशी भांडलीस कशाला?"

"ती खरं बोलत होती, ते कळत होतं मला," काकू म्हणाल्या. "पण तिला मत द्यायचं म्हणजे व्हॅन जाणार, हे मान्य करायचं. हात धजेना हो."

अक्षत थोडक्या मतांनी जिंकला. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीतही तोच निवडून आला. मे महिन्यात अधिवेशन संपलं आणि आमचे पैसे बंद झाले. शाळांसाठी काही गोष्टी सोडाव्या लागल्या, असं अक्षत एका व्हिडिओत म्हणाला. ते खरंही असेल. काकांनी त्याला फोन केला तेव्हा कोणी मुलगी म्हणाली, निरोप देते. नंतर फोनवर नुसतं रेकॉर्डिंग लागू लागलं.

"मार्लिसला विचारू या का?" काकू एकदा म्हणाल्या.

"कुठल्या तोंडाने?" काका म्हणाले. त्यांनी विचारलं नाही.

शेवटच्या फेरीला ग्लेनने काकूंना लिफ्टने हळूच खाली उतरवलं. काकूंनी त्याला थँक यू म्हटलं. काका त्यांना समजावत होते, "सोमवारी शेजारचा रवी नेईन म्हणालाय. बुधवारी टॅक्सी करू."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारचं बघू."

त्यांच्या घराचं दार बंद झालं आणि आम्ही निघालो. त्यानंतर काकू मला दिसल्या नाहीत. त्या शुक्रवारी कोणी आलं की नाही, मला ठाऊक नाही.

आता मी जुन्या गाड्यांच्या आवारात उभी आहे. माझा लिलाव पुकारला, पण कोणी बोली लावली नाही. चाकांतली हवा गेली आहे. ग्लेन दुसऱ्या गावी ट्रक चालवतो म्हणे.

मित्रांनो, मला पुन्हा रस्त्यावर न्या, असं मी म्हणत नाही. ते आता होणार नाही. पण तुमच्या शेजारी एखाद्या आजी राहत असतील, तर त्यांना एवढंच विचारा, "आजी, तुम्हाला दवाखान्यात कोण नेतं?" आणि त्या लगेच काही बोलल्या नाहीत, तर निघून जाऊ नका.